जाईबाईला न्यायला जाणेबाबत

विषय: परदेश प्रवासाकरिता क्रेडिट कार्ड मिळणेबाबत. संदर्भ: तुमच्या बँकेकडे केलेला माझा अर्ज, आणि त्यातला मी खरा की खोटा हे बघायला आज आलेले तुम्ही. — बसा, भोईरसाहेब. त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय आजारी आहे, इकडे बसा. हसू नका, जन्म ठाण्याच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेला, विषय आणि संदर्भ सांगितल्याशिवाय मला पाणीसुद्धा मागता येत नाही. तर कुंडलिक गमरे इथंच राहतात का — राहतात. जागा मालकीची, आणि समोर बसलाय तो तोच. तुम्ही खाली शांताबाईंकडे चौकशी करूनच वर आलात ना? करायचीच असते, तुमचं कामच ते. काय म्हणाल्या? — राहू दे, नका सांगू. बायको गेली म्हणाल्या असतील. ‘अमेरिकेला’ हा शब्द गाळून सांगायची त्यांना खोड आहे.

घरात माणसं दोन लिहा. — दिसतो एकच, तुमचं बरोबर आहे, पण दोन लिहा. दुसरी सध्या ओहायोला आहे. राज्य आहे अमेरिकेतलं, नाव ऐकलं की कुणीतरी जांभई देतंय असं वाटतं. आमचा सुगत तिथं कॉम्प्युटरमध्ये आहे. सुनेला जुळं झालं म्हणून जाईबाई गेली, सहा महिन्यांच्या बोलीवर. मग मुदत वाढवून घेतली. मुदतवाढ म्हणजे काय, ते मला विचारा — एकदा मिळाली की मूळ मुदत कुणाच्या लक्षात राहत नाही. आता तिकडे तिचा दुसरा हिवाळा लागला. चहा घेणार? साखर जरा जास्त पडते माझ्या हातून, ती असताना मोजून पडायची.

आता हेच कार्ड का, असा रकाना आहे का तुमच्या कागदात? नाही? असायला हवा होता, कारण त्यावर मी अभ्यास केलाय. पहिली बँक आपली नेहमीची, पेन्शनवाली. तिथला साहेब म्हणाला, गमरे, कार्ड आहे, पण चालतं भारतात आणि नेपाळात. आता नेपाळात आमचं कोण? लुंबिनी आहे, ते नातं मोठं आहे, मानतो, पण तिथं हात जोडून जायची रीत आहे, कार्ड काढून नव्हे. दुसरी बँक परदेशी, फोर्टात. काचेचं दार, आत एवढी थंडी की ओहायोची सवय व्हावी. तिथल्या बाईंनी पगार विचारला. पेन्शन म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं — तुमची आजी वारली होती का हो कधी? तसं, सहानुभूतीनं. तिसरा पर्याय सुगतचा. फोनवर म्हणाला, बाबा, कशाला खेटे घालता, माझ्या कार्डावर तुमचं जोडकार्ड काढतो, बिल मी भरीन. भला मुलगा आहे. पण मग मी तिकडे कुठं उतरलो, काय खाल्लं, कुठलं तिकीट बदललं, सगळं त्याच्या टेबलावर हजर. मुलाच्याच कार्डावर मुलाच्या घरातून त्याच्या आईला सोडवून आणायचं —

सोडवून म्हणालो का मी? ते लिहू नका. ‘प्रवासाचा हेतू: कौटुंबिक’ एवढं पुरे.

नाही, तसं काही नाही हो. मारझोड नाही, उपासमार नाही, सून वाईट नाही. दोघंही सकाळी गाडी काढून जातात, ती दिवस बुडताना येतात. मधल्या वेळात ही, दोन पोरं आणि बाहेर बर्फ. रस्त्यावर माणूस दिसत नाही म्हणते. पासपोर्ट सुगतच्या कपाटात, नीट राहावा म्हणून. हातात पैसा नाही, कारण लागतोच कुठे. पाळणाघर तिकडे फार महाग असतं म्हणे. सगळं प्रेमानं चाललंय, भोईरसाहेब, तीच तर पंचाईत. भांडण असतं तर निकाल लागला असता.

तुम्ही ठाण्याकडचे, जुन्या गावठाणातले दिसता, तुम्हाला सांगायला नको. पोरगी सासरी असली तर ती आपली आपण उठून येत नाही. कुणीतरी न्यायला जावं लागतं. बापानं, भावानं, कुणीही. जायचं, ओटीवर बसायचं, चहा घ्यायचा, ‘चार दिवस नेतो’ म्हणायचं. एकटी निघाली तर ‘पळून आली’ असं होतं. आमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी हिला न्यायला कुणी यायचं राहिलं. भाऊ आजारी, बाप गलबतावर. सगळ्या सणाला ही दाराशी बसून. तर मागे एकदा घरचा फोन वाजला. एरवी सुगत लावतो, मग ही बोलते — ठीक आहे, पोरं गोड आहेत, तुम्ही जेवता ना. त्या दिवशी ती एकटीच. शेजारच्या कुणा गुजराती बाईच्या घरी, पोरांना घेऊन गेलेली. म्हणाली, “अहो, मला न्यायला या.” एवढंच. पुढं नुसता त्या पोरांचा आवाज. तिकीट पाठवा म्हणाली नाही, येते म्हणाली नाही. न्यायला या. साठीला आलेली बाई, दोन नातवंडांची आजी, आणि पोटच्या पोराच्या घरातून सासुरवाशिणीसारखी —

साखर जास्तच पडली वाटतं. ठेवा, नका पिऊ.

म्हणून कार्ड. सुगतकडे उतरलो तर मी पाहुणा, आणि पाहुण्याला यजमान जाऊ देईल तेव्हा जायचं असतं. दोन रात्री हॉटेलात उतरायचं, सकाळी टॅक्सी करून त्याच्या दारात जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, म्हणायचं — नेतो. तिकिटाच्या एजंटानं सांगितलं, काका, तिकडचा हॉटेलवाला तुमचे डॉलर बघत नाही, तोंडही बघत नाही, आधी कार्ड बघतो. आणि तुमची बँक तेवढी शहाणी निघाली. म्हणाली, उत्पन्न नको, मुदतठेव ठेवा आमच्याकडे गहाण, त्यावर कार्ड घ्या. ठेव तुमच्याच शाखेत होती. मला वाटलं, सुटलो.

ठेव दोघांच्या नावावर. पैसे काढायला, गहाण टाकायला दोघांच्याही सह्या हव्यात, एकाची चालणार नाही. ही अट घातली कुणी? मी. मॅनेजर सांगत होता, गमरे, कुणाही एकाची सही ठेवा, सोयीचं पडेल. मी म्हटलं, नाही, उद्या कुणी मला फूस लावली तर? बाईमाणसाचा हक्क सुरक्षित राहायला हवा. राहिला. इतका सुरक्षित राहिला की तिला आणायला तिची सही पाहिजे, आणि सही आणायला कागद ओहायोला, सुगतच्या पत्त्यावर.

तरीही जमलं असतं. पाकिटावर तिचं नाव घालायचं, दुपारचं टपाल तीच घेते, सही करायची, त्या गुजराती बाईकडून टपालात टाकून घ्यायचं. पण भोईरसाहेब, हात. हाताला सवय असते. कागद कोरा कसा पाठवायचा, म्हणून वर पत्र लिहिलं. विषय घातला — सौ. जाईबाई गमरे यांस परत आणणेकामी मुदतठेव तारण देणेबाबत. मुद्देसूद लिहिलं, तुमच्या मॅनेजरनं वाचलं असतं तर पाठ थोपटली असती. आणि सही करून झाल्यावर खाली डाव्या कोपऱ्यात, जिथं हात आपोआप जातो तिथं — प्रत माहितीसाठी: श्री. सुगत कुंडलिक गमरे. ज्याचा प्रकरणाशी संबंध त्याला प्रत, हा नियम. आयुष्यात एकही प्रत चुकवली नाही मी. वेगळ्या पाकिटात घातली, वेगळं तिकीट लावलं, दोन्ही एकाच पेटीत टाकली.

रविवारी सुगतचा फोन आला. रागावला नाही. रागावला असता तर बरं. म्हणाला, “बाबा, आई इथे सुखात आहे, तुम्ही उगाच तिच्या मनात भरवू नका.” मी म्हटलं, तिला दे. म्हणाला, झोपलीये. तिकडे तेव्हा दिवस होता का रात्र, मी हिशोब करत बसलो, तेवढ्यात त्यानं ठेवला. त्यानंतर स्टेशनाजवळच्या परदेशी फोनच्या बूथवरून मी लावतो. उचलतं ते यंत्र. सुगतच्या आवाजात इंग्रजीत सांगतं, आम्ही घरी नाही. कुठं जातात सगळे, त्या बर्फात?

आणखी काय विचारायचंय? — वीजबिल हे घ्या, पत्त्याला पुरावा. निवृत्तीचा कागद हा. फोटो काढायचाय दाराचा? काढा, पाटीवर तिचंही नाव आहे, ते येऊ द्या त्यात. काय? — सहअर्जदार कधी येणार, म्हणजे सही कधी… ते तुम्ही मला विचारता?

उठा तुम्ही, उशीर होईल. परत ठाण्याला जायचं तुम्हाला. आणि शेरा काय लिहायचा यावर फार विचार करू नका, मी सांगतो तसा लिहा. पत्ता बरोबर. अर्जदार समक्ष भेटला. सहअर्जदाराची सही अप्राप्त. अर्ज प्रलंबित.