खालाच्या भट्टीची मूठ

मी मूळचा डोंगरकडा गावचा. गावात पोट भरंना म्हणून हिंगोलीला आलो, जिनिंगात कापसाची गाठोडी उचलू लागलो, अन् जिनिंगामागं कुडाच्या झोपड्या होत्या तिथंच टेकलो. काय सांगू तुमाला, दिवाळीनंतर तिथं पाय ठेवायला जागा नसायची, कोणी विड्या वळून राहिलं, कोणी दोर, अन् मधोमध शरिफा खालाची भट्टी. फुटाणे, लाह्या भाजून द्यायची, मजुरी म्हंजे तुमच्याच धान्याची एक मूठ, भाजणाऱ्याच्या हातची. खालाचा हात लेकरावानी लहान, म्हणून सारी वस्ती तिच्याकडं.

एका हिवाळ्यात खाला तापानं पडली. मला म्हणे किसन, तू बस, भट्टी थंड पडली तर गिऱ्हाईक तुटंल. बसलो. आता इतकी वर्षं कोणाला बोललो न्हाई, पण मी मुद्दाम बोटं फाकून मूठ भरायचो. खाला काही उठत न्हाई, भट्टी आपलीच झाली, असं मनात आलं होतं. एक बाई तोंडावर म्हणाली, किसनभाऊ, मूठ घेता का पोतं, लेकरायला टरफलं तरी ठेवा. हळूहळू बाया बाजारातल्या भट्टीकडं वळल्या.

खाला उठून बघते तर भट्टीपुढं कुत्रं झोपलेलं. वाटलं आता मला हाकलते. तिनं माझा हात उलटापालटा करून बघितला, म्हणे, तेरा हात है के सूप? अन् हसत सुटली. पण तिला आता धूर सोसंना, अन् मी बसलो तर गिऱ्हाईक येईना. तोड तिनंच काढली. जवळा बाजार गावी माझ्या मामाला निरोप धाडला, पोराला बायको बघा, रंगरूप कसं बी चालंल, हात लहान पाहिजे. गोदा लगीन होऊन आली तवा बायायनी तोंडाआधी तिचे हात बघितले, अन् दुसऱ्याच दिवशी भट्टीपुढं टोपल्यांची रांग.

खालाला मात्र खरं सांगितलं न्हाई. हात मोठा म्हणून ती हसली, मी तिला हसू दिलं. ती गेली. निजामाचं राज बी गेलं, त्या गडबडीत पांगलेली वस्ती पुन्हा भरून राहिली. मी वाळू तापवतो, लाकडं फोडतो, मूठ गोदा घेते. परवा तिला सारं सांगून टाकलं. ती चाळण हलवता हलवताच म्हणे, म्हंजे तुमी लबाड निघाले म्हणून माझं लग्न झालं, बरं झालं की. खाला असंल तिथं सुखात असो. चला, टोपल्या आल्या, जाळ घालतो.