बेचाळिसावी खेप

हॅलो?… हो, मीच. बोल… नाही गं, सर्दी नाही झाली. आवाज असाच आहे हल्ली.

काय?… ह्यांचा हात? हात आहे तिथेच आहे.

नाही, व्यायाम बंद… बंद म्हणजे बंद! व्यायामवाली ताई काल येऊन गेली. रबरी चेंडू दिला हातात, तुझ्या भाऊजींनी दाबलाच नाही. जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाली, येत्या दोन महिन्यांत बोटं वळली तर वळली, नंतर कठीण आहे… हो, असं स्पष्टच.

काय झालं म्हणजे? मीच केलं… अगं, सांगते ना! पण 'एवढंच?' म्हणालीस तर फोन ठेवीन, आधीच सांगते.

तो कॉम्प्युटरवरचा खेळ आठवतो ना तुला… हो, तोच, राक्षसांचा. तू हसली होतीस. ताईनंच सुचवला होता तो. अर्धांगाचा झटका आला नि उजव्या हाताची बोटं हलेनात. चेंडू पुढे केला की ह्यांचं डोकं फिरायचं. तीस वर्षं कात्री चालवलेला कटरमास्तर, तो काय चेंडू दाबत बसणार? पण खेळात सहा बटणं होती उजव्या हाताला. ती दाबता दाबता तर्जनी सुटली. मग मधलं बोट… हो, एवढ्या मोठ्या डॉक्टरला जमलं नाही ते!

एकटे नाही गं, चौघांची टोळी होती. एक नर्स, एक रिटायर्ड पोस्टमन, आणि एक कोण ते स्वतःला 'बेडूक' म्हणवून घ्यायचं. बाई की बुवा, अजून कळलेलं नाही. चौघांनी दलदलीतून वीस मिनिटं चालत जायचं, त्या दगडी राक्षसापर्यंत. हरलं की परत पहिल्यापासून वीस मिनिटं… अगदी! मीही तेच म्हणायचे, काय हा रिकामा उद्योग! पण त्या चालण्यातच तर गप्पा चालायच्या. नर्स विचारायची, मास्तर, आज अंगठा किती? हे म्हणायचे, अर्धा. मग बेडूक टाळ्या पाठवायचं.

बक्षीस?… झगा. हसू नकोस. राक्षस मेला की एक झगा मिळायचा. ह्यांनी त्याचा नमुना काढला होता कागदावर, डाव्या हातानं. म्हणाले, खेळात हा झगा ज्यानं काढला त्याला शिवणकाम येतं, खांद्याची शिवण बघ कशी बसवलीय.

एक्केचाळीस वेळा हरले… अगं, मोजलंय! सात महिन्यांत एक्केचाळीस खेपा.

आणि मग त्या खेळवाल्यांनी सगळं सोपं करून टाकलं… लोकांना वेळ नाही म्हणे, तक्रारी येत होत्या. आता दलदलच नाही, एकदम राक्षसाच्या दारात. टोळीही नको, सोबतीला कॉम्प्युटरचेच तिघे. वर 'आपोआप' नावाचं एक बटण. ते दाबायचं नि बसायचं… हो ना. पण ह्या चौघांनी ठरवलं होतं, आपण नाही दाबायचं.

मी दाबलं.

…

ऐकतेयस ना?… हो, मीच. हे झोपले होते दुपारी. आदल्या दिवशी रडले होते गं… हरले म्हणून नाही, अंगठा ऐन वेळी अडकला म्हणून. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं. मला बघवेना. म्हटलं, एकदाचा मरू दे तो मेला. दाबलं बटण आणि गच्चीवर गेले कपडे वाळत घालायला. खाली आले तर राक्षस आडवा! आणि मी वेडी टाळ्या वाजवतेय. उठवलं ह्यांना… उठा, उठा, बघा काय आलंय तुमचं!

नाही, ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "कसा मेला?" मी म्हटलं, काय माहीत, मी गच्चीवर होते. तर म्हणाले, "मीपण नव्हतो." आणि उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. डाव्या हातानं उचलून.

एकोणीस दिवस झाले आज.

टोळी कसली आता! नर्सनं लिहिलं, मास्तर, ठरलं होतं ना आपलं? ह्यांनी उत्तरच दिलं नाही… अगं, लिहिता आलं असतं की, बायकोनं दाबलं म्हणून. नाही लिहिलं. माझं नाव सांगायचं नव्हतं त्यांना. मग बाकीच्यांनीही दाबलं एकेक करून. आता त्या दारात जो तो तोच झगा घालून उभा असतो, आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

लिहिलं ना कंपनीला. परत घ्या म्हटलं तो झगा. उत्तर आलं, 'आपल्या आनंदात आम्ही सहभागी आहोत'… देवाशपथ! परत घ्यायची सोय नाही त्यांच्याकडे. बाकी सगळ्याची सोय आहे.

तेही केलं. म्हटलं, चला, नव्यानं सुरू करू, मीपण येते दलदलीत. मी, जिला मेसेज धड टाइप करता येत नाही! तर पहिल्याच पानावर, 'स्वागताची भेट, थेट शेवटच्या पायरीवर जा'. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "चालायचं कशाला आता?"… काय सांगायचं ह्यावर? तुला सुचतंय का?

हेतू चांगला होता, हो… चांगला हेतू काय चाटायचाय? कष्ट वाचवायला गेले आणि माणसाचं होतं नव्हतं तेवढं काढून घेतलं. शत्रूनं केलं नसतं असं.

नाही रडत… हो, रडतेय. रडू दे ना गं. त्यांच्यासमोर रडता येत नाही मला.

थांब, जेवायची वेळ झाली त्यांची. ठेवू नकोस, आलेच…

हां, बोल… दिलं, भात कालवून दिलाय. नाही, स्वतःच खातात ते. तेवढं एकच अजून उजव्या हातानं, चमचा धरून; निम्मं अंगावर सांडतं, पण मी पुसायला गेले की डोळे वटारतात. परवा तर मला…

थांब जरा.

चमचा ठेवला त्यांनी… पडला नाही गं, ठेवला. ताटाच्या बाजूला, नीट.

माझ्याकडे बघतायत.

अगं… तोंड उघडून बसलेत.

…जाऊ नको म्हणजे? असं कसं म्हणतेस तू?… कळतंय मला, सगळं कळतंय! पण भूक लागलीय त्यांना… नाही, तू नाही ना इथे उभी… ऐक, ठेवते मी.

आले हो… आले. भरवते.