काळी पट्टी

माझ्या आठवणीचा मलाच भरवसा नाही, पण पाचोडच्या एका शिकाऊ मुलीचे शब्द बहुधा पुढे सांगतो तेच होते. आगीत, अपघातात माणसं वाचवायला शिकणाऱ्या मुलांची परीक्षा होती आणि आम्ही म्हातारे खोटे जखमी म्हणून त्यांच्या अकादमीच्या मैदानावर झोपलो होतो. माझ्या वाट्याला मेलेल्याचं काम आलं. त्या मुलीनं माझ्या मनगटाला ‘मृत’ची काळी पट्टी बांधली.

“अगं, छातीत खरंच दुखतंय.”

“काका, लई भारी करताय, पण मेलेली माणसं बोलत नायत. माझे मार्क जातील!”

मी मूळचा भित्रा. वाटलं, नेहमीसारखे मनाचे खेळ असतील. गप्प पडून राहिलो. ती पास झाली, मला पेढाही दिला.

कित्येक वर्षांनी इसीजी बघून डॉक्टर म्हणाले, “आधी एक झटका येऊन गेलाय. तेव्हा जवळ कुणीच नव्हतं का?”