दोन-चारचा हात

ऐका. तो कंदील जरा बाजूला घ्या, डोळ्यांवर येतोय. उद्याचा बाजार आहे, पहाटे उठून पालं ठोकायची आहेत, सगळं मला ठाऊक आहे. पण गोष्ट अर्धी टाकून कुणी उठायचं नाही. आणि तो यशवंता पेंगायला लागलाय बघा. त्याला कोपरानं ढोसू नका. पेंगू द्या. का ते शेवटी सांगतो.

तर भागवत कासार. बांगड्यांचा धंदा. माझं दोरखंडाचं पाल आणि त्याचं बांगड्यांचं पाल कित्येक वर्षं शेजारी-शेजारी. एकदा धामणवाडीचा बाजार उठला, सगळे निघून गेले, आणि भागवत निघाला तेव्हा चांगलाच अंधार पडलेला. उशीर का झाला? सामान बांधता बांधता त्याचा डोळा लागला होता. नेहमीचंच ते.

घरी जायला वाटा दोन. एक डांबरी, लांबची, माणसांची वर्दळ असलेली. दुसरी शेतांमधून, बाभळीखालून, पडक्या विहिरीच्या कडेनं. जवळची. भागवतानं दुसरी धरली, पण जवळची म्हणून नाही हं. त्या वाटेला कुणी नसतं, म्हणून. मध्येच झोप आली तर बांधाला टेकता येतं आणि कुणी बघत नाही. हे ध्यानात ठेवा.

सायकलीला पेट्या बांधलेल्या, सायकल हातात धरून हा चाललाय. चाललाय, चाललाय. आणि मागून आवाज. किण्. किणकिण. बांगड्यांचा.

तुम्ही म्हणाल, पेटीतल्याच असतील. अहो, कासाराच्या पेटीतल्या बांगड्या दोऱ्यात आवळून, कागदात गुंडाळून ठेवलेल्या असतात. त्या वाजत नाहीत. वाजल्या म्हणजे धंदा बसला. हा थांबला, आवाज थांबला. हा चालला, आवाज चालला. मागं बघितलं तर कुणी नाही. पुन्हा पाऊल उचललं, तर आवाज पुढून. आणि समोर बघतो तो तीच बाभळ, जी मघाशी मागं टाकली होती. पुन्हा चालला. पुन्हा बाभळ. घरी पोचला तेव्हा अंग घामानं भिजलेलं. बायकोला एवढंच म्हणाला, "शेवंते, चकवा लागला गं."

शेवंतेनं त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि जेवायला वाढलं. घास हातात धरूनच तो झोपला. तिनं तो घास हळूच काढून घेतला. हेही नेहमीचंच.

आता ही शेवंता कोण, ते सांगतो. लग्नात भटजींनी तिचा हात भागवताच्या हातात दिला. सगळा मांडव बघतोय. नवऱ्यानं लाजावं की नाही? पण हात कासाराचा. गिऱ्हाईक समजून त्यानं सवयीनं तिच्या अंगठ्याचं हाड दाबलं, बोटांचे सांधे चाचपले आणि मोठ्यानं म्हणाला, "दोन-चार." तिच्या बांगडीचं माप! भटजी मंत्र विसरले. सासरे म्हणाले, जावई आणलाय की फेरीवाला?

ही गोष्ट निघाली की भागवत हसायचा, आणि हसला की त्याचे गुडघेच जायचे. हनुवटी छातीवर, पाय लुळे, जागच्या जागी पोत्यासारखा खाली. थोड्या वेळानं आपला आपण उठायचा. लोकांना वाटे सोंग करतोय. बाजारात मुद्दाम कुणीतरी विचारायचं, काय कासार, वहिनींचं माप काय हो? खाली बसला की टाळ्या.

आणि दिवसाची झोप? विचारू नका. सकाळी उठायचा तेव्हा ताजा, आणि ऊन वर येईतो डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं. मयताला गेला तर तिथं झोपला. स्वतःच्या मेहुण्याच्या साखरपुड्यात झोपला. लोक कुंभकर्ण म्हणत, आळशी म्हणत, रात्री काय करता म्हणून डोळे मिचकावत. रात्री काय करणार बिचारा? रात्री धड झोपच नाही. दचकून उठायचा आणि अंग हलायचं नाही. छातीवर कुणीतरी बसलंय, तोंडातून आवाज फुटत नाही. तेव्हा शेवंता अंधारातच त्याचा हात चोळत बसायची, बोटं हलेपर्यंत.

तुम्ही विचाराल, मग याचा धंदा कसा चालला? तीच तर गंमत आहे. जुना कासार बोटांनी बांगडी भरतो, डोळ्यांनी नव्हे. डोळे मिटून भरणारा मोठा कारागीर, ही आपल्याकडची समजूत. भागवत डोळे मिटायचा. बायका म्हणायच्या, काय हात आहे, बघतसुद्धा नाही! आणि हा झोपलेला. हात आपले चालतायत. त्या चकव्यानंतर एकदा एका बाईच्या हातात कोपरापर्यंत भरत गेला, तेव्हा शेवंतेनं पेटीवर आपली बांगडी वाजवली आणि हा जागा झाला. तेव्हापासून ती रोज त्याच्याशेजारी बसू लागली. याचं डोकं कललं की पेटीवर टिक्. टिक्.

बरं, ऐका पुढं.

दुसऱ्या खेपेला तीच वाट, तोच अंधार. शेवंता आजारी म्हणून घरी. बाभळीपाशी आला आणि बांधावरून एक हात पुढे झाला. नुसता हात. गोरा, ओला, मोकळा. मनगटात काही नाही. बाई कुठं आहे ते दिसत नाही.

तुम्ही-मी असतो तर पळून गेलो असतो. पण भागवत पडला कासार. त्यांच्यात रीत अशी, की पुढे आलेला बाईचा हात मोकळा परत पाठवायचा नाही. बाप मरायला टेकलेला असला तरी आधी तो हात भरायचा, मग उठायचं. भागवत खाली बसला. पेटी उघडली. हात धरला, तर थंडगार. माप घ्यायला गेला, तर मापच लागेना. दोन-सहा घातली, गळाली. दोन-चार घातली, गळाली. लहान, त्याहून लहान. भरतोय, गळतायत. भरतोय, गळतायत. एक पेटी संपली. दुसरी उघडली.

सकाळी शेताला निघालेल्या माणसांनी बघितलं, तर बाभळीच्या खालच्या फांद्या हिरव्यागार बांगड्यांनी भरलेल्या. काट्याकाट्यात चुडे. आणि खाली भागवत झोपलेला, बोटं काट्यांनी रक्ताळलेली. पण एक बांगडी वाढवली, म्हणजे फोडली नव्हती हो त्यानं. एकसुद्धा नाही!

झालं. भगत म्हणाला, चुडा न भरता मेलेली बाई आहे, तिनं कासाराचा हात धरलाय. कडुलिंबाचा धूर झाला, उतारा झाला. भागवत धुरातच झोपला. त्याच्या आईनं सगळ्यांना दटावलं, "कुणाला बोलू नका. झपाटलेल्याच्या हातात कोण सवाष्ण हात देईल?" आणि खरं होतं ते. कासाराला कुणी हात दिला नाही तर त्यानं करायचं काय?

गुपचूप डॉक्टरही झाले. एकानं अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. एकानं रक्त तपासलं, साखर बघितली, थायरॉईड बघितलं, आणि हसून सांगितलं की काही नाही, सगळं नॉर्मल. एकानं मनावर ताण आहे म्हणून गोळ्या दिल्या, त्यानं झोप दुप्पट झाली. प्रत्येक वेळी भागवत बाहेर येऊन पायरीवर बसायचा. एकदा शेवंतेला म्हणाला, "काही नाही म्हणतात. म्हणजे मग मीच वाईट असंन."

हे त्याचं बोलणं तिच्या काळजात काट्यासारखं राहिलं.

आता शेवटची खेप. नीट ऐका. धामणवाडीच्या पलीकडं कोरेवस्तीवर लग्न होतं. नवरीचा हिरवा चुडा भरायचा मान भागवताचा. तिची आई, तिची आजी, सगळ्यांचे चुडे याच घराण्यानं भरलेले. बाभळीची गोष्ट कुजबुजत तिथवर गेलीच होती. या वेळी चुकला तर पंचक्रोशीत पुन्हा कुणी हात पुढे करणार नव्हतं. म्हणून आदल्या संध्याकाळीच दोघं निघाले. आणि वाट कुठली धरली? तीच. डांबरीवर कुणीतरी बघेल म्हणून.

अंधार पडला. बाभळ आली, गेली. काही झालं नाही. शेवंता बरं झालं म्हणत होती, तेवढ्यात चपलेतून काटा घुसला तिच्या टाचेत. आत मोडला. ती मटकन खाली बसली. म्हणाली, अहो, थांबा. हा थांबला नाही. पाय चालतायत, सायकल सोडून दिलेली, वाट सोडून दिलेली. सरळ विहिरीकडे.

विहिरीला कठडा नव्हता.

भागवताला काय दिसत होतं? विहिरीतून एक हात वर आलेला. मोकळा. यानं वाकून लांबूनच माप घेतलं, आणि या वेळी माप लागलं. दोन-चार. अहो, शेवंतेचाच हात तो! शेवंता पाण्यात आहे आणि हात देतेय. आता कुठला थांबतोय? एक पाऊल. आणखी एक.

मागं खरी शेवंता. उठायला जावं तर टाच टेकत नाही. हाका मारतेय, ऐकू जात नाही. रांगत निघाली तरी पोचणार नाही. आणि मग, कसं सुचलं तिचं तिला माहीत, तिनं आवाज बदलला. भर मांडवात बाप बोलला होता तस्सा, ठसक्यात.

"अहो कासार. जावई आणलाय की फेरीवाला?"

भागवत थबकला. खांदे हलले. कुठून तरी आतून हसू आलं. आणि हसू आलं तशी हनुवटी छातीवर, गुडघे गेले, आणि पोतं टाकावं तसा तो खाली. विहिरीच्या काठाशी, हाताच्या अंतरावर. एक खडा मात्र घरंगळला आणि आत पाण्यात पडला. डुबुक्.

ती रांगत आली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला सगळं ऐकू येत होतं, फक्त बोट हलत नव्हतं.

"धरलंय मी तुम्हाला," ती म्हणाली. "वाईट-बिईट काही नाही तुम्ही. आजारी आहात. आता लपवायचं नाही."

सकाळी वस्तीवर पोचले. ती लंगडत, हा चिखलानं माखलेला. नवरी पाटावर बसली होती. भागवत हात धुवून पुढे सरकला, तर शेवंतेनं आधी नवरीच्या आजीला, सरूआजीला, सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. झोपेचं, बाभळीचं, विहिरीचं. एका बाईनं नवरीचा हात मागं ओढला.

सरूआजीनं भागवताकडे बघितलं. मग स्वतःचा सुरकुतलेला हात त्याच्यापुढे केला.

"आधी माझा भर," ती म्हणाली. "झोपलास तर मी उठवीन. माझ्या म्हाताऱ्याला आयुष्यभर उठवलंय."

हशा पिकला. भागवताचे गुडघे गेले, पण तो बसलेलाच होता. त्यानं आजीचा हात भरला, मग नवरीचा. टिक्, टिक्, शेवंता शेजारी.

आणि बघा, गोष्ट उघड झाली म्हणूनच तर वाट सापडली. त्याच मांडवात कुणाचा तरी पाहुणा म्हणाला, शहरात मेंदूचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे न्या. नेलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा झोपेचं विचारलं, ते सगळेच विचारत. मग विचारलं, हसल्यावर पाय जातात का? शेवंता खुर्चीतून उठलीच. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि हे दाखवायचं असतं ते यांनाही ठाऊक नव्हतं.

मग झोपेची परीक्षा. डोक्याला वायरी लावून रात्रभर झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी थोड्या थोड्या वेळानं पुन्हा झोपायचं. भागवत म्हणाला, आयुष्यात एवढ्या एकाच परीक्षेत मी पहिला येणार. आलाच. नार्कोलेप्सी म्हणतात त्याला. मेंदूत माणसाला जागं ठेवणारं काहीतरी कमी पडतं, म्हणून झोप दिवसा घुसते, आणि झोप पुरती लागायच्या आधीच स्वप्न बाहेर येऊन डोळ्यांपुढं उभं राहतं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, हे मुळासकट जात नाही. पण गोळ्या आहेत, दुपारी ठरवून झोपायचं आहे, गाडी चालवायची नाही, पाण्याजवळ एकट्यानं जायचं नाही. भागवतानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही?"

डॉक्टर म्हणाले, नाही. तेव्हा तो रडला. हसला तसाच, पार लुळा होऊन, आणि शेवंतेनं पुन्हा धरला.

आता तुम्ही धामणवाडीच्या बाजारात गेलात तर बघाल. दुपार झाली की पालात भागवत पेटीवर डोकं ठेवून झोपतो. बायका येतात, हळू बोलतात. शेवंता भरते. ज्यांना भागवताच्याच हातून हवं असतं त्या हात मांडीवर ठेवून थांबतात. कुणी हाक मारत नाही.

एक राहिलं. बाभळीवरच्या बांगड्या त्या वेळी सगळ्या उतरवल्या होत्या, तेव्हा दोन-चारचा एक जोड कमी भरला. फांद्या धुंडाळल्या, गवत चाळलं, मिळाला नाही. भागवत पुन्हा शोधायला निघाला, तर शेवंता म्हणाली, "असू द्या. तिचे पण हात मोकळे नकोत."

तर बाबांनो, त्या बाभळीच्या वाटेनं जाऊ नका. विहिरीमुळं म्हणत नाही मी, अन् हातामुळंही म्हणत नाही. कुणी बघू नये म्हणून जी वाट धरावीशी वाटते ना, ती धरू नका. एकटं तर नाहीच.

आणि यशवंताला झोपू द्या. सकाळी जागा झाला की चहा द्या त्याला, आणि विचारा, बाबा, हसल्यावर तुझे पाय जातात का?

कंदील मोठा करू नका. असू दे तसाच.