पेंढ्याची लांबी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती चंदरभाऊ, किन्हवलीहून खास आलेल्या सकुबाई वहिनी आणि मुरबाडच्या या कॅन्टीनमध्ये दाटीने बसलेल्या सहकाऱ्यांनो,

प्रयोगशाळेतर्फे मी दोन शब्द बोलावेत, असे ठरले आहे. ते माझ्या विषयाकडेच वळतात, त्याला माझा इलाज नाही.

नायलॉनमध्ये काचेचे आखूड तंतू मिसळून आपण पंख्याचे ब्रॅकेट बनवतो. ते किती ताठ होईल, हे साचा उघडण्यापूर्वी कागदावर सांगणे हे माझे काम. त्यासाठी काय पाहावे? तंतू किती, कोणत्या दिशेने आणि किती लांब. तंतू पुरेसा लांब असला तर नायलॉन आपला भार त्याच्यावर सोपवते. तुटून बारीक झाला, तर भार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मला आजही हे फार सुंदर वाटते.

दोन हजार तीन साली आपण फुटका माल दळून पुन्हा मशीनमध्ये घालू लागलो. मी गणित तपासले. काच तीस टक्के होती, तीसच राहिली. मी ‘हरकत नाही’ लिहिले. मशीन चालवणारे चंदरभाऊ एक ब्रॅकेट हाताने वाकवत आले.

“साहेब, हा मऊ लागतोय.”

“काच तेवढीच आहे, चंदरभाऊ.”

“काच हाय, पण भुगा झालाय तिचा. आमी कुडाला माती लिंपतो ना, पेंढा बोटभर ठेवतो. कुटून घातला का भिंत तडकते. पेंढा तेवढाच असतो.”

मी त्यांना पाऊण तास सूत्र समजावले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमी शिकलेले. पण वाकतोय तो.”

गिऱ्हाइकाकडून माल परत आला. ‘ऑपरेटरने तापमान पाळले नाही’ असा अहवाल झाला. सही माझी. पुढे मी एक तुकडा भट्टीत जाळला आणि उरलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. पोत्यावर तंतूची लांबी तीन मिलिमीटर लिहिली होती, हाती पाव मिलिमीटरसुद्धा लागला नाही. मी वर तीनदा कळवले. उत्तर एकदाच आले: प्रकरण बंद आहे. त्याच अहवालापायी, निवृत्तीला सहा वर्षे असताना, चंदरभाऊ आज ‘स्वेच्छेने’ जात आहेत.

मघाशी वहिनींनी विचारले, “साहेब, ह्यांच्या कागदावर चूक कोनाची लिवली?” मी त्यांच्या हाती नारळ दिला आणि बाजूला झालो. दुसरे काय देणार होतो?

अध्यक्षांनी बोलू दिले, त्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल, तर सभेने ते पोटात घालावे. अहवालातले मात्र घालू नये. वहिनी, चूक माझी होती. चंदरभाऊंचे तापमान बरोबर होते.