शुभेच्छुकांत नाव

सेनगावची जीप भरायची वाट बघत भागूबाई बसली होती. पुढच्या सीटवर तिच्याच गावचे हरीश आणि सोमेश्वर कुजबुजत होते.

"सोम्या, त्या बियाणं कंपनीची वेबसाइट तूच हॅक केली व्हय?"

"हळू बोल. कुणाचंच सोयाबीन उगवलं न्हाई, म्हणून केली. लोकांसाठी. आपल्याला नाव नको."

"मंग पोलीस तुला काहून हुडकून राहिले?"

"त्या वेबसाइटवर जाहीर निषेध लिहिला, अन् फ्लेक्सच्या सवयीनं खाली शुभेच्छुक टाकले."

"नावानिशी?"

"सगळं मित्रमंडळ. फोटोसकट."

"येड्या! माझं तर न्हाई ना टाकलं?"

"न्हाई. जागाच उरली न्हाई."

भागूबाई ऐकायला जरा पुढं सरकली. हरीशनं तोंड फुगवलं.

"गणपतीच्या फ्लेक्सवरबी तुमी मलाच गाळलं व्हतं."