सरांचा तोकाइदो

जपानचं कौतुक पुरे झालं, आता माझं ऐका. कर्वेनगरला आम्हाला जपानी शिकवणारे एक सर होते. स्वतः कधी जपानला गेले नाहीत, पण टोकियोहून क्योतोला पायी जायचा जो जुना रस्ता, तोकाइदो, त्याचे त्रेपन्न मुक्काम आमच्याकडून पाढ्यांसारखे घोकून घ्यायचे. कंपनीनं मला तिकडे पाठवलं तेव्हा सर अंथरुणाला खिळले होते. एका मुक्कामाचं नाव सांगून म्हणाले, "तिथली पाइनच्या झाडांची रांग तेवढी बघून ये."

शोधत गेलो. तिथे उड्डाणपूल होता, खाली ट्रकांची रीघ, आणि खांबाआड मुक्कामाचं नाव कोरलेला एक दगड.

परत येऊन सरांच्या उशाशी बसलो, पण खरं काही तोंडातून निघेना. म्हणालो, "आहेत सर झाडं. अगदी शांत आहे. चहाचं दुकानसुद्धा आहे."

सर छताकडे बघत होते. "मी तिथे पाठवलेल्या आयटीवाल्यांपैकी तू सातवा. झाडं सगळ्यांना दिसतात, कॅमेऱ्यात मात्र एकाच्याही येत नाहीत."

मी मान खाली घातली.

"गप्प का झालास?" सर म्हणाले. "चहाच्या दुकानापर्यंत आला होतास. पुढे सांग."